न धरता मोजणे : पोपटांच्या विष्ठेतील ताणसंप्रेरके

पोपटाच्या शरीरावर किती ताण आहे हे रक्त तपासून ठरवायचे झाले, तर रक्त काढण्यासाठी त्याला आधी धरावे लागते, आणि माणसाच्या मुठीत सापडणे हाच त्याच्या दृष्टीने फार मोठा ताण असतो. शिकार होणाऱ्या प्राण्याचे शरीर पकडीचा एकच अर्थ जाणते, त्यामुळे जे संप्रेरक मोजायचे तेच त्या पकडीमुळे रक्तात चढू लागते आणि हाती येणारा आकडा पक्ष्याच्या नेहमीच्या स्थितीचा आहे की मोजणाऱ्याच्या हस्तक्षेपाचा, हे सांगता येईनासे होते. मायकेल रोमेरो आणि त्यांचे सहकारी रीड यांनी २००५ मध्ये निरनिराळ्या रानपक्ष्यांवरील नोंदी एकत्र करून दाखवले, की पकडल्यापासून दोन मिनिटांच्या आत घेतलेले रक्त बहुधा मूळ पातळी सांगते आणि तीन मिनिटांपर्यंतचे रक्त तिच्या जवळपास असते. त्यानंतर मात्र वाढ स्पष्ट दिसू लागते. उंच पिंजऱ्यात उडणाऱ्या, चोचीने बोट फोडू शकणाऱ्या पोपटाला जाळ्यात घेऊन, पंखाखालची किंवा मानेची शीर शोधून तीन मिनिटांत नमुना घेणे कुशल पशुवैद्यालाही दरवेळी साधत नाही, आणि ज्या पक्ष्याचे निरीक्षण महिनोन्‌महिने करायचे आहे त्याच्यावर हा प्रयोग पुन्हा पुन्हा करणे तर त्याच्या हिताच्याच विरुद्ध जाते. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेल्या विष्ठेकडे शरीरक्रियाशास्त्राचे लक्ष वळले ते या अडचणीतून.

पक्ष्यांमधील मुख्य ताणसंप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन हे आहे. माणसात हे काम प्रामुख्याने कॉर्टिसॉल करते. दोन्ही द्रव्ये एकाच कुळातली असून त्यांना ग्लुकोकॉर्टिकॉइड म्हणतात, कारण रक्तातील साखर वाढवून शरीराला तातडीची ऊर्जा पुरवणे हे त्यांचे एक ठळक कार्य आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला धोक्याची जाणीव झाली की तो पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, पीयूषिका ग्रंथी अ‍ॅड्रिनोकॉर्टिकोट्रोपिक म्हणजे अधिवृक्काला चेतवणारे संप्रेरक रक्तात सोडते, आणि मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी असलेल्या अधिवृक्क ग्रंथी त्या हुकमानुसार कॉर्टिकोस्टेरॉन तयार करतात. ही साखळी मुळात जीव वाचवणारी आहे. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील एका छोट्या टिपणात, निरनिराळ्या अपायकारक कारणांना शरीर एकाच ठरावीक पद्धतीने प्रतिसाद देते, हे मांडले तेव्हापासून या साखळीचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. तो जसजसा वाढला तसतसे हेही स्पष्ट झाले, की थोड्या वेळासाठी चढणारे कॉर्टिकोस्टेरॉन पक्ष्याला तारते, परंतु आठवडेच्या आठवडे चढलेले राहिले तर प्रतिकारशक्ती, प्रजनन आणि नव्या पिसांची वाढ या तिन्हींवर त्याचा भार पडतो.

काम संपलेले संप्रेरक शरीरात साठून राहत नाही. यकृत त्याच्या रेणूची रचना बदलते, बऱ्याचदा त्याला सल्फेट किंवा ग्लुक्युरोनाइड गट जोडून पाण्यात विरघळण्याजोगे करते, आणि अशा बदललेल्या रूपांपैकी काही पित्तासोबत आतड्यात उतरतात, तर काही मूत्रपिंडांतून बाहेर पडतात. या बदललेल्या रूपांना चयापचयज म्हणतात. पक्ष्यांच्या बाबतीत एक सोय अशी, की त्यांच्यात मल आणि मूत्र यांना वेगळी द्वारे नसतात. दोन्ही अवस्कर नावाच्या एकाच पोकळीत येऊन मिळतात आणि एकत्रच बाहेर टाकली जातात. पोपटाची शीट पाहिली तर तिच्यात हिरवट किंवा तपकिरी मल, पांढरे खडूसारखे युरेट आणि भोवतीचे पातळ मूत्र असे तीन भाग सहज ओळखू येतात. म्हणजे सस्तन प्राण्यांत जे दोन वेगळ्या नमुन्यांत शोधावे लागते ते येथे एकाच नमुन्यात असते. मात्र तीन भागांचे प्रमाण प्रत्येक वेळी सारखे नसते, खाण्यात रसाळ फळे अधिक आली की मूत्राचा भाग वाढतो, आणि आकड्यांचा अर्थ लावताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

विष्ठेत कॉर्टिकोस्टेरॉनच शोधू पाहणारा अभ्यासक बहुधा निराश होतो, कारण मूळ रूपातले कॉर्टिकोस्टेरॉन तेथे जवळजवळ नसतेच. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठात सोफी रेटेनबाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांवर केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात किरणोत्सर्गी खूण लावलेले कॉर्टिकोस्टेरॉन पक्ष्याला देऊन ती खूण विष्ठेत कोणकोणत्या रेणूंवर बसून बाहेर पडते याचा माग काढला गेला. तेव्हा दिसले की बाहेर येतात ती अनेक चयापचयजे आणि मूळ रेणू त्यांत नगण्य असतो. रक्तासाठी बनवलेली कॉर्टिकोस्टेरॉन-चाचणी जशीच्या तशी विष्ठेवर लावली तर आकडा येतो खरा, पण तो नेमका कशाचा हे ठाऊक नसते. त्याच विद्यापीठातील एरिख म्योस्टल आणि रूपर्ट पाल्मे यांनी यावर काढलेला मार्ग या विषयाच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे. एकाच रेणूला चिकटणारे प्रतिपिंड वापरण्याऐवजी रेणूच्या एखाद्या समान रचनेला ओळखणारे, म्हणजे एका गटातील अनेक चयापचयजांना एकदम पकडणारे प्रतिपिंड त्यांनी विकसित केले, आणि त्यामुळे एका प्रजातीसाठी तयार झालेली चाचणी दुसरीवर निदान करून पाहण्याजोगी झाली.

प्रयोगशाळेत घडते ते थोडक्यात असे. गोळा केलेली विष्ठा लगेच गोठवतात, कारण ती बाहेर पडल्यानंतरही तिच्यातले जिवाणू चयापचयजांची मोडतोड चालूच ठेवतात आणि उन्हात पाचसहा तास पडलेला नमुना ताज्या नमुन्याशी तुलना करण्याच्या लायकीचा राहत नाही. नंतर नमुना वाळवून एकजीव करतात, ठरलेल्या वजनाचा भाग पाणी मिसळलेल्या मिथेनॉलमध्ये किंवा इथेनॉलमध्ये घालून जोराने हलवतात, अपकेंद्री यंत्रात फिरवून गाळ खाली बसवतात आणि वरचा द्रव मोजणीसाठी घेतात. मोजणीचे तत्त्व स्पर्धेचे आहे : प्रतिपिंडांच्या मोजक्या जागांसाठी नमुन्यातील चयापचयजे आणि खूण लावलेला बाहेरचा रेणू यांच्यात चढाओढ लावली जाते, आणि खुणेचा रंग जितका फिका उमटेल तितकी नमुन्यातील चयापचयजे अधिक, असे गणित मांडले जाते. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनसाठी शोधलेल्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षा-मापनाचेच हे वंशज. त्या शोधासाठी यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९७१ पासून एलायझा या नावाने रूढ झालेल्या विकर-आधारित पद्धतींनी किरणोत्सर्गाची गरज संपवून हे तंत्र साध्या प्रयोगशाळांच्याही आवाक्यात आणले. उत्तर मिळते ते एका ग्रॅम विष्ठेमागे इतके नॅनोग्रॅम अशा रूपात, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

इतक्या सूक्ष्म मापनाची सुबकता पाहून भुरळ पडावी हे स्वाभाविक आहे, आणि या विषयातील सर्वांत मोठा धोकाही तोच. चाचणीचा तयार संच विकत घेतला, विष्ठा घोळली, यंत्राने आकडा दिला, एवढ्यावर ताण मोजला गेला असे मानणारे काम कमी झालेले नाही. चोचीपासून अवस्करापर्यंतचा प्रवास, यकृताची रसायने आणि आतड्यातील जिवाणू प्रजातीगणिक बदलतात. कोंबडीत उपयोगी ठरलेला प्रतिपिंड पोपटाच्या चयापचयजांना ओळखेलच असे नाही, आणि एका पोपटाचे निष्कर्ष दुसऱ्या पोपटाला लागू होतील असेही गृहीत धरता येत नाही. म्हणून प्रत्येक प्रजातीसाठी पद्धतीची वैधता स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते. टुमा आणि पाल्मे यांनी २००५ मधील आपल्या आढाव्यात हाच आग्रह सर्वांत ठामपणे मांडला आणि तो आजही तितकाच आवश्यक आहे.

ही सिद्धता दोन वाटांनी होते. पहिली शरीरक्रियेची : पक्ष्याला अधिवृक्क चेतवणाऱ्या संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन त्याच्या ग्रंथींना मुद्दाम कामाला लावायचे आणि पुढच्या प्रत्येक तासाची विष्ठा गोळा करून आकडा खरोखर चढतो का, किती वेळाने चढतो आणि केव्हा उतरतो हे पाहायचे. औषध न देता नुसते क्षाराचे पाणी टोचलेल्या पक्ष्यांचा गट तुलनेसाठी ठेवावा लागतो, कारण सुई टोचणे हाच एक ताण आहे. दुसरी वाट जैविक : पकडणे, नव्या पिंजऱ्यात हलवणे, अनोळखी पक्ष्यांत सोडणे अशा, ज्यांचा ताण होतो याबद्दल शंका नाही, अशा प्रसंगांच्या आधीचे आणि नंतरचे नमुने ताडून पाहायचे. दोन्ही वाटांनी उत्तर सारखे आले तरच चाचणीवर भरवसा ठेवता येतो. बजरीगर या ऑस्ट्रेलियन छोट्या पोपटासाठी अशी पडताळणी करणारे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ब्राझीलमध्ये निळ्या कपाळाच्या अ‍ॅमेझॉन पोपटावर ती झाली. या प्रयोगांतून विलंबकालही कळतो, म्हणजे रक्तात घडलेली घटना विष्ठेत उमटायला किती वेळ लागतो ते. लहान पक्ष्यांत तो काही तासांचाच असतो, त्यामुळे सकाळी टिपलेल्या आकड्यात पहाटेची गोष्ट असते आणि आदल्या दिवशीची गोष्ट जवळजवळ निघून गेलेली असते. अभ्यासकाने हा हिशेब न ठेवता नमुने घेतले, तर घटनेशी आकड्याची गाठ चुकीच्या ठिकाणी बांधली जाते.

पोपटांच्या विष्ठेतील संप्रेरके संवर्धनाच्या कामी येतील हे ताणाच्या आधी प्रजननाच्या संदर्भात दिसून आले होते. न्यूझीलंडमधील काकापो हा न उडणारा, निशाचर आणि जगातील सर्वांत वजनदार पोपट १९९५ मध्ये अवघ्या ५१ पक्ष्यांवर येऊन ठेपला होता. त्यांतल्या एकालाही विनाकारण हात लावण्याची मुभा कोणी द्यावी अशी परिस्थिती नव्हती. त्याच वर्षी कॉक्रेम आणि राउन्स यांनी मोकळ्या वावरणाऱ्या काकापोंच्या विष्ठेतील लैंगिक संप्रेरकांवरून त्यांचे वार्षिक प्रजननचक्र मांडता येते हे दाखवले. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, सॅम्युएल वॉसर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या वायव्य भागातील जंगलांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडांच्या विष्ठेवरून ताणाचा असाच माग काढला. ज्या नरांच्या वावराचे केंद्र लाकूडतोडीच्या मोठ्या रस्त्यापासून ०.४१ किलोमीटरच्या आत होते, त्यांच्या विष्ठेत ताणसंप्रेरकांची पातळी चढलेली आढळली. घुबड पोपट नव्हे, पण जंगलातला पक्षी न पाहता, न पकडता त्याच्यावरचा माणसाचा भार मोजता येतो ही कल्पना त्या कामाने संवर्धनशास्त्रात कायमची रुजवली.

बंदिवासातील पोपटांपैकी आफ्रिकी राखाडी पोपटावर या पद्धतीचा विशेष उपयोग झाला, आणि त्याला कारण आहे ते या पक्ष्याचे दुःख. माणसाच्या घरात एकटा वाढलेला हा अत्यंत बुद्धिमान पक्षी पुष्कळदा स्वतःचीच पिसे उपटू लागतो, कधी छाती आणि मांड्या पार उघड्या पडेपर्यंत. इटलीतील तुरीन येथील अभ्यासकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, पिसे उपटणाऱ्या राखाडी पोपटांच्या विष्ठेत कॉर्टिकोस्टेरॉनच्या चयापचयजांचे प्रमाण निरोगी पिसाऱ्याच्या पोपटांपेक्षा जास्त आढळले. या निष्कर्षाचे मोल आहेच. पण ताणामुळे पिसे उपटली गेली, की उघड्या कातडीचा त्रास आणि थंडी यांनी ताण वाढवला, हे अशा एका वेळच्या तुलनेवरून ठरत नाही, आणि तसे ठरल्याचा दावा करू नये. कार्यकारणाकडे नेणारा पुरावा प्रयोगांतून येतो. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे मीहान, मिलॅम आणि मेंच यांनी नारिंगी पंखांच्या अ‍ॅमेझॉन पोपटांना चोचीने उलगडून खाण्याची, चढण्याची, कुरतडण्याची साधने दिली तेव्हा पिसे उपटण्याचे प्रमाण घटले. आणि व्हिएन्नातील अभ्यासकांना २०१४ मध्ये असे दिसले की एकटे ठेवलेल्या राखाडी पोपटांच्या गुणसूत्रांची टोके, जी वयाबरोबर झिजत जातात, सोबतीने राहणाऱ्यांपेक्षा आखूड होती. विष्ठेचा आकडा अशा पुराव्यांच्या रांगेत उभा राहिला की बोलका होतो. योगायोग म्हणजे २०१६ मध्येच जोहान्सबर्ग येथे भरलेल्या, संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या परिषदेने या पोपटाला पहिल्या परिशिष्टात घालून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आणली.

प्वेर्तो रिकोचा पोपट हे आणखी एक उदाहरण. या बेटावरील रानातली त्याची संख्या १९७५ मध्ये १३ पर्यंत घसरली होती. बंदिस्त प्रजननातून ती हळूहळू वाढवली जात असताना १९८९ मधील ह्यूगो आणि २०१७ मधील मारिया या चक्रीवादळांनी मोठे तडाखे दिले. अशा पक्ष्याच्या प्रजननकेंद्रात कोणती जोडी अंडी घालते, कोणती घालत नाही आणि त्यामागे बंदिवासाचा ताण किती, हा प्रश्न प्रजातीच्या अस्तित्वाचा होतो. ऋतूंनुसार विष्ठेतील पातळी कशी बदलते आणि तिचा प्रजननाच्या यशाशी काय संबंध आहे याचा शोध तेथील केंद्रांत घेतला गेला आहे. येथे एक जाण फार महत्त्वाची आहे : प्रजननकाळात, जोडी जमवताना, घरटे राखताना ग्लुकोकॉर्टिकॉइड स्वाभाविकपणेच वर जाऊ शकतात, कारण तो काळ ऊर्जेच्या मागणीचा असतो. चढलेला आकडा म्हणजे दुःख आणि उतरलेला आकडा म्हणजे सुख, असा सरळ अर्थ लावणारा माणूस उत्साहाने घरटे राखणाऱ्या पक्ष्यालाच आजारी ठरवील. याच्या उलट, दीर्घकाळ ताणाखाली राहिलेल्या पक्ष्याच्या ग्रंथी थकून किंवा जुळवून घेऊन पातळी खालीही आणू शकतात. डिकन्स आणि रोमेरो यांनी २०१३ मध्ये अनेक अभ्यासांचा ताळा करून, दीर्घकालीन ताणातल्या रानप्राण्यांचे सर्वांना लागू पडेल असे एकच संप्रेरक-चित्र नाही, हे स्पष्ट नोंदवले. त्यामुळे आकड्यासोबत वर्तन, वजन, पिसारा आणि आजार यांची नोंद ठेवणे अनिवार्य ठरते.

दिवसाची वेळ, पिसारा बदलण्याचा हंगाम, वय, लिंग, आहारातील तंतूंचे प्रमाण अशी आणखीही कारणे पातळी हलवतात. नमुना अगदी थोडा असला की एका ग्रॅममागचे प्रमाण खोटेच फुगते, ही मिलस्पॉ आणि वॉशबर्न यांनी २००४ मध्ये दाखवलेली अडचण छोट्या पोपटांच्या बाबतीत प्रत्यक्ष भेडसावते. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती अभ्यासकाच्या प्रकृतीशी संबंधित आहे : पोपटांच्या विष्ठेत क्लॅमिडिया सिटासी हा जिवाणू असू शकतो, वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून तो माणसाच्या फुप्फुसात जातो आणि सिटॅकोसिस म्हणजे पोपटज्वर होतो. पक्ष्याला हात लागत नाही म्हणून पद्धत निरुपद्रवी आहे हे त्याच्यापुरते खरे; नमुना हाताळणाऱ्याला मुखपट्टी आणि हातमोजे सोडून चालत नाही.

भारतात या पद्धतीला पाया आहे. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राची लॅकोन्स ही प्रयोगशाळा प्राण्यांच्या विष्ठेतील संप्रेरकांवर अनेक वर्षे काम करीत असून जी. उमापती आणि सहकाऱ्यांनी बांधवगड व कान्हा येथील वाघांवर पर्यटनाचा ताण किती पडतो हे विष्ठेवरूनच तपासले आहे. पोपटांची गरज याहून कमी नाही. महाराष्ट्राच्या गावोगावी दिसणारा कंठवाला पोपट, म्हणजे राघू, आणि त्याचा मोठा भाऊ करण पोपट हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कवचाखाली असूनही त्यांची पिल्ले ढोलीतून काढून विकली जातात, पंख छाटून पिंजऱ्यात ठेवली जातात, भविष्य सांगणाऱ्यांच्या पेटीत चिठ्ठ्या उचलायला शिकवली जातात. जप्तीत सुटलेले असे पक्षी वनविभागाच्या उपचारकेंद्रांत येतात तेव्हा कोणता केव्हा मोकळा सोडण्याजोगा झाला हे ठरवणे सोपे नसते. केवळ उडता येते म्हणून सोडलेला पोपट माणसाच्या खांद्यावर परत येऊन बसतो. अशा ठिकाणी विष्ठेचा पुरावा निर्णयाला हातभार लावू शकतो, मात्र राघूसाठी वेगळी आणि करण पोपटासाठी वेगळी पडताळणी झाल्यावरच.

मुक्त पोपटांच्या बाबतीत मार्ग आणखी अवघड आहे. संध्याकाळी शेकडोंनी एका झाडावर उतरणाऱ्या राघूंच्या रातथाऱ्याखाली सकाळी भरपूर विष्ठा मिळते, पण कोणती कोणाची आणि रात्रीच्या कोणत्या प्रहराची हे कळत नाही. तिच्यातल्या पेशींवरून जनुकीय तपासणीने नर-मादी ठरवता येते, परंतु त्याने खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. त्यामुळे सुरुवात पिंजऱ्यातच करणे शहाणपणाचे. एका पिंजऱ्यात एकाहून अधिक पक्षी असतील तर प्रत्येकाला खाण्यातून वेगळा निरुपद्रवी रंग किंवा चकचकीत कण देऊन त्याची विष्ठा ओळखता येते. तळाला स्वच्छ प्लास्टिक अंथरून रोज एकाच वेळी, पडल्यापासून तासाभराच्या आत नमुना उचलून, वेळ, आहार आणि त्या दिवशीची घडामोड टिपून तो उणे २० अंशांवर ठेवणे, आणि पक्ष्याला मोठ्या उड्डाणगृहात हलवण्याआधीचे निदान काही दिवस व नंतरचे काही आठवडे ही नोंद खंड न पडता चालू ठेवणे, एवढे झाले तर प्रत्येक राघूची मूळ पातळी त्याच्याच नमुन्यांवरून ठरते आणि पुढचा बदल दुसऱ्या पक्ष्याशी नव्हे तर त्या पातळीशी ताडून पाहता येतो.